परवानगी गावात आली तेव्हा

शेतजमिनीवर इमारत उभी करायची तर आधी एनए, म्हणजे बिनशेती वापराची परवानगी, आणि एनए मिळणार जिल्ह्याच्या गावाला. घर बांधणाऱ्या दोन पिढ्यांना हे इतकं पाठ झालं होतं की ‘प्लॅन पास झाला का?’ या प्रश्नाआधी ‘एनए झालं का?’ हे विचारलं जाई. या व्यवस्थेच्या मुळाशी होती १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता. तिच्या कलम ४२ ने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन बिनशेती कामाला वापरायला मनाई केली आणि कलम ४४ ने ती परवानगी मागण्याची रीत घालून दिली. त्यात नव्वद दिवसांची मुदतही होती. तेवढ्यात निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानावं, असं कायदा म्हणत होता. पण अशा मानीव परवानगीवर कर्ज द्यायला बँका तयार नसत, त्यांना हातात सनद लागे. त्यामुळे नव्वद दिवस कधी उलटले याचा हिशेब कोणी फारसा ठेवत नसे.

पुणे जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालेल्या एका तरुणीच्या टेबलावर २०१० च्या सुमारास बांधकाम परवानगीचं काम आलं. तंत्रनिकेतनातली स्थापत्यची पदविका, थोडा रस्त्यांच्या कामाचा अनुभव, आणि समोर दोऱ्याने बांधलेल्या फायलींची चळत. त्यानंतरच्या काळात परवानगीचा अधिकार जिल्ह्याकडून गावाकडे कसा सरकला, हे तिने त्याच टेबलावर बसून पाहिलं. कायद्याच्या पुस्तकात हा बदल काही कलमांत मावतो. तिच्या नोकरीची अनेक वर्षं त्यात गेली.

त्या काळातली एखाद्या गृहप्रकल्पाची फाइल उघडली की सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीची ‘क’ प्रत, झोन दाखला, तलाठ्याचा पंचनामा, मंडळ अधिकाऱ्याचा अहवाल, तहसीलदारांचा अभिप्राय असा क्रम लागे. मग ना-हरकत दाखले: रस्त्यासाठी सार्वजनिक बांधकाम, तारांसाठी वीज कंपनी, शिवाय वन, भूसंपादन, आरोग्य. नगरपरिषदेच्या हद्दीतल्या जमिनीवर इमारतीचे नकाशे मंजूर करणारी नगरपरिषदच होती. त्यासाठी १९६६ चाच महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम होता. पण एनएचा आदेश येईपर्यंत नगरपरिषदेने थांबायचं. त्यामुळे एकाच जमिनीचा विचार दोन कायद्यांखाली, दोन कचेऱ्यांत, दोन वेगळ्या नजरांनी होई. महसूल खातं बघे की जमीन कोणाची, तिच्यावर सरकारचं काय देणं आहे. नगरपरिषद बघे की इमारत किती उंच, रस्त्यापासून किती आत. त्या इमारतीत राहायला येणाऱ्या माणसांना पाणी कुठून मिळणार, हा प्रश्न दोन्हीकडच्या छापील तपासणी सूचीत ठळकपणे कुठेच नव्हता.

नगरपरिषदेतल्या एका जुन्या लिपिकांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, “मॅडम, आपल्याकडे अडलेली फाइल दिसते. तिकडे अडलेली दिसत नाही. म्हणून लोक भांडायला आपल्याकडेच येतात.” तिला ते पटत गेलं. जिल्ह्याला हेलपाटे घालून आलेला माणूस राग काढायला गावातल्याच खिडकीवर उभा राही.

सगळेच काही हेलपाटे घालत नव्हते, हे इथे सांगायला हवं. ज्यांना परवडत नव्हतं त्यांनी एनएचा नादच सोडला. शेतकऱ्याने शेताचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे करून साध्या कागदावर विकायचे, घेणाऱ्याने दिवाळीच्या सुट्टीत विटांचं घर उभं करायचं. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने असे तुकडे पाडायला मनाई होती, पण त्यामुळे खरेदीखत तेवढं अडलं. घरं होतच राहिली. ती इतकी वाढली की सरकारला २००१ साली गुंठेवारी नियमितीकरणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यात १ जानेवारी २००१ पूर्वीच्या गुंठेवारीचाच समावेश होता. पुढे २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढावी लागली. म्हणजे मधल्या वीस वर्षांत तशाच वस्त्या पुन्हा उभ्या राहिल्या होत्या.

या तरुण अभियंत्याने अशा एका वस्तीचं सर्वेक्षण केलं. रस्ते एवढे अरुंद की पाण्याचा टँकर वळत नाही, गटार घराच्या उंबऱ्याला लागून, मोकळी जागा शून्य. मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला एक शाळकरी मुलगा आला होता. त्याच्या आजीने चहा दिला आणि विचारलं, “बाई, आमचं घर कागदावर येणार का?” घर बेकायदा आहे हे आजीला ठाऊक होतं. पण कायदेशीर घर बांधायला काय करावं लागतं, हे तिला आयुष्यात कधी कोणी सांगितलं नव्हतं. कारण ते सांगणारी कचेरी तिच्या गावात नव्हतीच. लांबच्या परवानगीची खरी किंमत त्या वस्तीत दिसते, असं या अभियंत्याचं मत तेव्हा बनलं आणि आजही ते बदललेलं नाही.

तसं पाहिलं तर हा अधिकार गावाकडे यावा हे देशाने फार आधी ठरवलं होतं. राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने बारावी अनुसूची जोडली. शहरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील अशा अठरा विषयांची ती यादी आहे. यादीतला पहिला विषय नगररचनेसह नागरी नियोजन, दुसरा जमिनीच्या वापराचं आणि बांधकामाचं नियमन. हे दोन विषय सगळ्यात वर आहेत. तरीही शेतजमिनीचा वापर बदलायचा तर जिल्हाधिकाऱ्यांकडेच जायचं, हे पुढची वीसेक वर्षं तसंच राहिलं.

२०१४ साली महसूल संहितेत कलम ४२-अ आलं. विकास आराखडा झालेल्या क्षेत्रातली जमीन भोगवटादार वर्ग १ ची, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी निर्बंध नसलेली, असेल आणि आराखड्यात दाखवलेल्या कामासाठीच वापरायची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागणार नाही. नियोजन प्राधिकरणाने, म्हणजे इथे नगरपरिषदेने, जमिनीचा वर्ग आणि तिच्यावरचे बोजे महसूल खात्याकडून खात्री करून घ्यायचे आणि बांधकाम परवानगी द्यायची. वापर सुरू झाला की मालकाने तीस दिवसांत तलाठी आणि तहसीलदारांना कळवायचं. २०१७ च्या दुरुस्तीने यात ४२-ब, ४२-क आणि ४२-ड ही कलमं घातली. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीला घरासाठी वाट मोकळी झाली ती ४२-ड मुळे.

कचेरीत या नव्या पद्धतीचं परिपत्रक आलं त्या दिवशी आनंदापेक्षा गोंधळ जास्त होता. नमुना कोणता वापरायचा? महसूलकडून खात्री करायची म्हणजे पत्र पाठवून थांबायचं की सातबारा बघून पुढे जायचं? रूपांतरण कर महसूलने घ्यायचा आणि विकास शुल्क नगरपरिषदेने, तर आधी पावती कोणाची हवी? मुख्याधिकाऱ्यांनी सांगितलं, “पहिल्या दोन-तीन फायली तुम्ही स्वतः तहसीलला घेऊन जा. तिथे बसून ठरवून या.” ती गेली. तहसीलमधल्या अव्वल कारकुनांनी आपली रजिस्टरं उघडून दाखवली. वर्ग २ म्हणजे काय, वतन-इनामाच्या जमिनी कोणत्या, कूळकायद्याने मिळालेल्या कोणत्या, ‘इतर हक्क’ या रकान्यात बारीक अक्षरात काय लिहिलेलं असतं, हे सगळं ती त्या टेबलावर शिकली. तंत्रनिकेतनात हे कोणी शिकवलं नव्हतं.

हे शिक्षण लगेच उपयोगी पडलं. एका प्रकल्पाच्या फाइलीत दोन गट नंबर होते. एक स्वच्छ वर्ग १ चा. दुसऱ्याच्या जुन्या फेरफारात ती जमीन इनामवर्ग असल्याची नोंद होती, आणि ती ताज्या सातबाऱ्यावर उतरलेलीच नव्हती. जमीनमालक आबा सत्तरीच्या पुढचे. ते म्हणाले, “आमच्या बापाला चाकरीबद्दल मिळालेली जमीन हाय ती. लपवायचं काय त्यात?” त्यांनी खरंच काही लपवलं नव्हतं. बिल्डरच्या माणसांनी विचारलंच नव्हतं. परवानगी त्या गटापुरती थांबली, नजराणा भरून जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आली आणि मग इमारतीचं काम पुढे गेलं. ती नोंद सुटली असती तर त्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबांच्या मालकीवर पुढे कायमचं प्रश्नचिन्ह लागलं असतं.

जुन्या पद्धतीत एक गोष्ट चांगली होती आणि ती हरवली. तलाठी आणि कोतवाल जागेवर जाऊन पंचनामा करायचे. तो पुष्कळदा ठरावीक साच्याचा असे हे खरं, पण त्या माणसांना शिवार माहीत असे. एका फाइलीतल्या मोजणी नकाशात जमीन सलग होती. अभियंता स्थळपाहणीला गेली तेव्हा मे महिना होता, जमीन कोरडी, मधोमध एक उथळ घळ. शेजारच्या शेतातल्या बाईंनी सांगितलं, “पावसात इथून कमरेएवढं पाणी जातं.” गावचा जुना नकाशा काढला, तर त्यावर ओढ्याची रेघ होती. नकाशे फिरवायला लावून इमारतीची एक विंग सरकवली आणि ओढ्याची जागा मोकळी ठेवली. वास्तुविशारद नाराज झाले. पुढे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती पडल्या, सोसायट्यांत पाणी घुसलं आणि त्या पावसाने शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर त्याच वास्तुविशारदांचा तिला फोन आला होता. आता ते कुठल्याही प्रकल्पाची फाइल आणताना गावचा जुना नकाशा आपण होऊन जोडतात.

तेव्हापासून तिने एक रीत पाडून घेतली. पाहणीला जाताना शेजारच्या शेतातल्या एका तरी माणसाशी बोलायचं आणि तो काय म्हणाला ते टिपणीत लिहायचं. नियमात हे कुठेही नाही. तिच्या मते गावातल्या कचेरीने परवानगी देण्यात काही अर्थ असेल तर तो एवढ्यातच आहे: विचारायला माणूस हाकेच्या अंतरावर असतो.

पाण्याचा मुद्दा मात्र सगळ्यात मोठा. बायपासजवळ चार इमारतींचा एक प्रकल्प आला. नकाशे नियमात चोख बसत होते. चटईक्षेत्र बरोबर, सामासिक अंतरं बरोबर, पार्किंग बरोबर. तिने फाइल पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्यांपुढे ठेवली. ते म्हणाले, “त्या बाजूला आपली लाइन चार इंची आहे. आत्ताच्या वस्तीला एक दिवसाआड पाणी देतो. हे सगळे राहायला आले की तीन दिवसाआड द्यावं लागेल. आणि शिव्या मला पडतील.” जिल्ह्याच्या कचेरीतून परवानगी आली असती तर हे वाक्य कोणत्याच फाइलीत आलं नसतं. पाण्याची लाइन नगरपरिषदेची, परवानगी दुसऱ्याची. आता दोन्ही एकाच जिन्यावरच्या दोन खोल्यांत होतं. बैठक झाली. जलकुंभ आणि मोठी वाहिनी पूर्ण होण्याच्या टप्प्यांशी भोगवटा प्रमाणपत्राचे टप्पे जोडून परवानगीत अटी घातल्या गेल्या. विकसकाने वाहिनीच्या खर्चाचा वाटा उचलायचं मान्य केलं. फ्लॅट थोडे उशिरा ताब्यात गेले, पण लोक राहायला आले तेव्हा नळाला पाणी होतं.

परवानगी देणारा आणि पाणी-कचरा सांभाळणारा एकच असावा, ही मागणी पुस्तकी वाटू शकते. मुंबईने तिची गरज वेगळ्या पद्धतीने अनुभवली. देवनारच्या कचराभूमीची अवस्था पाहून मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये शहरातल्या नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंधन घातलं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये ते अटींसह शिथिल केलं. कचरा टाकायला जागा नसेल तर घर बांधायला परवानगी कशी देता, असा न्यायालयाचा रोख होता. मोठ्या महापालिकेला जे न्यायालयाकडून ऐकावं लागलं, तेच छोट्या नगरपरिषदेला पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याकडून आधीच ऐकता आलं, यातच स्थानिक परवानगीचं बळ आहे.

परवानगी जवळ येण्याला दुसरी बाजूही आहे आणि ती सोपी नाही. जिल्हाधिकारी कचेरीतल्या अधिकाऱ्याला फाइल नाकारल्यावर संध्याकाळी त्याच गावात भाजी घ्यायची नसते. तिला घ्यायची असते. नगरसेवक तिच्या सासऱ्यांचे ओळखीचे, बिल्डर मुलाच्या शाळेच्या समितीवर, वास्तुविशारद वर्गमित्र. “ताई, एवढं करा ना, आपलाच माणूस आहे” हे वाक्य धमकीच्या सुरात येत नाही, आपुलकीने येतं. म्हणूनच ते जड जातं. एका इमारतीच्या तळमजल्यावरचं पार्किंग बंद करून गाळे काढायचे होते. नकार दिल्यावर दोन दिवस घरी फोन येत राहिले. तिने त्यावर उपाय केला तो कागदाचा. प्रत्येक नकारात नियमाचा क्रमांक, मोजमाप आणि काय दुरुस्त केलं तर मंजुरी मिळेल, हे तिन्ही लिहायचं. अर्जाची स्थिती सूचनाफलकावर लावायची. कोणाची फाइल किती दिवसांपासून आहे हे सगळ्यांना दिसायला लागलं, तशी आपुलकीची बोलणी कमी झाली. मुख्याधिकारी पाठीशी उभे राहिले म्हणून हे जमलं. दर ठिकाणी तसे मिळतातच असं नाही, हे ती स्वतः सांगते.

२४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळली. सोळा माणसं मेली. फार जुनी इमारतही नव्हती ती. बातमी टीव्हीवर चालू असताना नगरपरिषदेत कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. तिच्या मनात एकच गोष्ट होती: आपण मंजूर केलेल्या इमारतींपैकी किती इमारतींचं जोतं आपण डोळ्यांनी पाहिलं? नियमाप्रमाणे जोते तपासणी झाल्याशिवाय वरचं काम करायचं नसतं. पण परवानगीच्या टेबलावर ती एकटी, सोबत एक कंत्राटी मदतनीस, आणि तिच्याकडेच रस्त्यांच्या दोन कामांचा भार. कायद्याने अधिकार गावाला दिला तेव्हा त्याच्याबरोबर माणसं दिली नाहीत. जिल्ह्याकडे या कामासाठी जी साखळी होती, तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत, तिच्या जागी एक कनिष्ठ अभियंता आली. हा माझ्या मते या सगळ्या बदलातला सर्वांत मोठा दोष आहे. परवानगी जलद झाली याचं कौतुक होतं, पण तपासणी करणाऱ्यांची पदं भरली का, हे कोणी विचारत नाही.

महाडनंतर तिने मुख्याधिकाऱ्यांपुढे साधा प्रस्ताव ठेवला. तीन मजल्यांवरच्या प्रत्येक इमारतीचं जोतं, पहिला स्लॅब आणि शेवटचा स्लॅब या तीन वेळी जागेवर जायचंच, आणि बांधकाम साहित्याच्या चाचणीचे अहवाल फाइलीत लावल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्राचा विचार करायचा नाही. त्यासाठी आठवड्यातला एक दिवस फक्त पाहणीचा ठरवला. त्या दिवशी खिडकी बंद. लोकांनी सुरुवातीला तक्रारी केल्या. पुढे गवंडी आणि ठेकेदारच विचारू लागले, “मॅडम, गुरुवारी आमच्याकडं येणार ना? सळई बांधून ठेवतो.”

महाडच्या दुर्घटनेच्याच वर्षी, २ डिसेंबर २०२० ला, राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच नियम लागू झाले. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या छोट्या घराला ठरावीक कागद आणि शुल्क भरल्याची पावती पुरेशी, १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांत परवानगी. ग्रामीण भागासाठीही सरकारने २०२१ मध्ये ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचनाकाराच्या दारात जाण्याची गरज काढून टाकली. गुंठेवारी वस्तीतल्या त्या आजीसारख्या माणसांसाठी हा निर्णय फार मोलाचा आहे. कायद्याने घर बांधणं बेकायदा बांधण्याइतकंच सोपं झालं, तरच लोक कायद्याकडे वळतात.

पण नियम मुंबईत ठरतात आणि सही गावात होते, ही विभागणी तिला खटकते. तिच्या गावात पाऊस कमी, जमीन काळी, रस्ते अरुंद. कोकणातल्या नगरपरिषदेचा प्रश्न दरडींचा आणि उताराचा. अतिरिक्त चटईक्षेत्र किती द्यायचं, हे दोन्हीकडे जवळपास एकाच तक्त्यातून ठरतं. जास्त मजल्यांना कायदेशीर परवानगी मागायला आलेल्या विकसकाला ती “इथे पाणी नाही” असं म्हणू शकते, अटी घालू शकते. पण गावाच्या गरजेप्रमाणे नियमच बदलण्याचा अधिकार गावाकडे आलेला नाही. घटनेच्या बाराव्या अनुसूचीतला पहिला विषय नियोजन होता, याची आठवण तिला अशा वेळी होते.

बनावट कागदांचा धोकाही याच काळात पुढे आला. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या नावाने खोट्या बांधकाम परवानग्या तयार करून त्यावर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. त्यात प्रामाणिकपणे कर्ज काढून राहायला आलेली कुटुंबं होती. त्यांनी महारेराची नोंदणी पाहिली होती. त्यामागच्या परवानगीचा खरेखोटेपणा त्यांनी कसा तपासायचा होता? महारेराने २०२३ पासून परवानगीची खातरजमा थेट स्थानिक प्राधिकरणाकडून ईमेलवर करून घ्यायला सुरुवात केली. या अभियंत्याच्या टेबलावर अशी विचारणा आली की ती त्याच दिवशी उत्तर देते. सगळ्या परवानग्यांची यादी तिने नगरपरिषदेच्या दर्शनी भागात लावायला लावली आहे. फ्लॅट बघायला आलेलं जोडपं आधी तिथे येऊन परवानगी क्रमांक पडताळून जातं, हे आता नेहमीचं दृश्य आहे.

तिच्यावर पुढे शेजारच्या तालुक्याच्या नगरपंचायतीचा अतिरिक्त कार्यभार आला. २०१४ मध्ये सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरवलं, त्यातली ही एक. कचेरी जुन्याच ग्रामपंचायतीच्या इमारतीत. आधी इथल्या इमारतींना परवानगी जिल्हाधिकारी द्यायचे, आता नगरपंचायत देते. आणि इथे तिला असा एक प्रश्न भेटला ज्याचा विचार अधिकार हलवताना कोणी केलाच नव्हता.

एका अपार्टमेंटमधले रहिवासी आले. बांधकाम नव्वदच्या दशकातलं. सोसायटी नव्हती. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र नोंदवून कंडोमिनियम करायचं, असं आता सगळ्या फ्लॅटधारकांनी आणि मूळ मालकाच्या वारसांनी मिळून ठरवलं होतं. या घोषणापत्रासोबत मजल्यांचे नकाशे जोडावे लागतात, आणि ते स्थानिक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या नकाशांबरहुकूम आहेत असं वास्तुविशारदाचं प्रमाणपत्र लागतं. रहिवाशांमधल्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आम्हाला फक्त मंजूर नकाशाची प्रत हवी आहे.” नगरपंचायतीच्या कपाटात तो नकाशा असणं शक्यच नव्हतं. तेव्हा नगरपंचायतच नव्हती. ग्रामपंचायतीत घरपट्टीची नोंद होती, नकाशा नव्हता. जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात एनए आदेशाचा क्रमांक सापडला, सोबतचं जोडपत्र सापडलं नाही.

मग शोध सुरू झाला. मूळ वास्तुविशारद हयात नव्हते, त्यांच्या मुलाकडे ट्रेसिंगच्या गुंडाळ्या होत्या पण त्यावर मंजुरीचा शिक्का नव्हता. एका फ्लॅटधारकाने कर्ज घेताना बँकेला दिलेली शिक्क्याची झेरॉक्स प्रत बँकेच्या जुन्या फाइलीत निघाली, तीही एका मजल्याची. माहिती अधिकारात अर्ज करून नगररचना कार्यालयाकडून बाकीच्या मजल्यांची शिफारस केलेली प्रत मिळाली. दोन्ही जुळवून, जागेवर मोजमाप घेऊन, फरकांचा तक्ता करून मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने प्रमाणित संच तयार झाला. मोजमापात जिन्याखालची एक खोली मूळ नकाशात नसल्याचं दिसलं. ती पूर्वी पंपाची जागा होती, नंतर कोणी भाड्याने दिली होती. घोषणापत्रात ती सामाईक जागा म्हणून लिहिली गेली आणि पंप परत तिथे बसला. मुख्याध्यापिका बाईंनी नोंदणीच्या दिवशी पेढे आणले होते.

त्या गावात अशा जिल्ह्याच्या काळात मंजूर झालेल्या इमारती पुष्कळ आहेत. काहींना पुनर्विकास करायचा आहे, काहींना मानीव अभिहस्तांतरण, काहींना लिफ्ट बसवायची आहे. प्रत्येकाची सुरुवात मंजूर नकाशापासून होते आणि तो त्या गावात नाही. अधिकाराची बदली झाली, कागदांची झाली नाही. तिने जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि नगररचना कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिलं आहे: नव्या नगरपंचायतींच्या हद्दीतल्या सगळ्या एनए आणि बांधकाम आदेशांची यादी गटनिहाय करावी, नकाशांच्या प्रती स्कॅन करून त्या-त्या नगरपंचायतीकडे द्याव्यात, आणि पुढे कोणतंही गाव नव्या प्राधिकरणात जाईल तेव्हा हे हस्तांतर अधिसूचनेच्या दिवसापासून ठरावीक मुदतीत व्हावं. पत्राला पोच मिळाली आहे. दरम्यान तिने नगरपंचायतीत एक नोंदवही उघडली आहे. कोणताही रहिवासी आपल्या इमारतीचा जुना नकाशा, खरेदीखतातला आराखडा किंवा बँकेकडची प्रत घेऊन आला की ती झेरॉक्स करून गट नंबरासह त्यात लावली जाते. मुख्याध्यापिका आता शेजारच्या दोन इमारतींतल्या लोकांना घेऊन दर महिन्याला येतात, आणि वहीत एखाद-दुसरा नकाशा वाढतो.